पेटीचं कापड

भिंतीच्या भोकातून वारा येत नव्हता, नुसता वास येत होता.

माणिकबाई हौदाच्या काठावरून उठली आणि तिने भोकासमोर तळहात धरला. रोज इथून मोटारीचा गरम वारा सणसणत बाहेर पडे. कापडं धुऊन झाली की हात कोरडे करायला ती इथेच उभी राही. थंडीत तर यंत्रावरची आशाबाई काहीतरी निमित्त काढून पाठ शेकायला यायची आणि मुकादमाची हाक येईपर्यंत हलायची नाही. आज हाताला काहीच लागलं नाही. नाकाला मात्र लाख तापल्याचा वास लागला, बांगड्या करणाऱ्याच्या शेगडीपाशी येतो तसा.

भिंतीपलीकडे मोटार चालूच होती. सरकी काढणारी यंत्रं खडखडत होती, आणि त्या खडखडाटातून भटजींचा आवाज मधूनच वर येऊन पुन्हा बुडत होता.

आज कापसाच्या जिनाचा, नव्या हंगामाचा मुहूर्त होता. मालक सूर्यभानजी जठारपेठेतल्या घरून सहकुटुंब आले होते. त्यांच्या स्वतःच्या शेतातल्या कापसाची सजवलेली बैलबंडी आधी आत जायची, भटजी पूजा सांगायचे, खटका दाबला जायचा, आणि त्या बंडीतला कापूस पुरता निघाल्याशिवाय मोटार थांबवायची नाही, अशी रीत होती. सरकी काढलेली पहिली रुई सूर्यभानजींच्या बायकोच्या, लीलाबाईंच्या, पदरात घालायची. तिच्या फुलवाती व्हायच्या आणि देव्हाऱ्यात जळायच्या. मागे एका साली मुहूर्तालाच पट्टा निसटून मोटार थांबली होती. त्या साली माघात शकुन नावाच्या पोरीची बोटं यंत्रात गेली. पट्ट्याचा आणि बोटांचा संबंध कोणी कोणाला समजावून सांगितला नव्हता, पण जिनातल्या प्रत्येक बाईला तो ठाऊक होता.

माणिकबाई बाहेर बसली होती ती विधवा म्हणून.

"माणिकबाई, तुमी इथंच हौदापाशी बसून राहा. बाईसाहेब येऊन राहिल्या पूजेले. तुमाले त मालूमच हाये," असं देवराव मुकादमाने सकाळी तिला सांगितलं होतं, स्वतःच्या चपलेकडे बघत. माणूस वाईट नव्हता. त्याला अवघडायला नको म्हणून माणिकबाईने तो यायच्या आधीच हौदापाशी बस्तान मांडलं होतं. बार्शीटाकळीकडच्या आपल्या गावातून ती अकोल्याला आली त्याला आता बरीच वर्षं झाली होती, पण कुठे उभं राहायचं नाही हे तिने गावातच शिकून घेतलेलं होतं. लग्नाच्या मांडवात नाही, पाळण्यापाशी नाही, पेरणीच्या पहिल्या दिवशी बांधावर नाही. ते शिकलेलं शहरातही जसंच्या तसं कामी येत होतं.

तिचं जिनातलं काम मात्र इतर बायकांसारखं हंगामापुरतं नव्हतं. ती मोटारीचं कापड सांभाळत असे.

तेलाचं इंजिन जाऊन विजेची मोटार आली, तेव्हा पहिल्याच साली तिच्या पोटात रुईची तूस, हवेत उडणारे बारीक तंतू, जाऊन ती बिघडली होती. जिनात हवेपेक्षा तूसच जास्त. मग वामनराव मिस्त्रींनी मोटारीभोवती सागवानी पेटी केली. अमरावतीच्या एका जिनातून आलेला हा हाडकुळा माणूस चोवीस तास तपकीर ओढायचा. पेटीच्या समोरच्या अंगाला हवा ओढून घ्यायचं तोंड होतं. त्याला जाळी, आणि जाळीवर ताणून ठोकलेलं पातळ कापड. हवा आत जायची, तूस बाहेर अडायची. मोटारीला गार करून ती हवा मागच्या भिंतीच्या भोकातून बाहेर पडायची. कापडावर तूस साचली की ते काढायचं, झटकायचं, धुवायचं आणि दुसरं लावायचं. एवढंच काम. पण ते दिवसातून कितीदा करायचं हे मोटारीच्या आवाजावरून ठरायचं, आणि वासावरून. वामनरावांच्या नाकाचं तपकिरीने केव्हाच वाटोळं केलं होतं. ते म्हणत, "माणिकबाई, कान माझा आणि नाक तुमचं. दोघांत मिळून एक मिस्त्री पुरा होतो."

आज त्या नाकाला वास येत होता आणि नाक भिंतीच्या चुकीच्या बाजूला होतं.

तिने दोरीवर वाळत घातलेलं जादा कापड ओढलं आणि तोंडाला लावून फुंक मारली. गाल फुगले. श्वास परत घशात आला.

माणिकबाईने कापड बोटांत मोडून पाहिलं. ते कडकडलं.

खळ तिने दिली होती. काल तांदळाची पेज काढून, त्यात चिमूटभर नीळ घालून, सगळ्या कापडांना कडक खळ दिली होती. गेल्या साली लीलाबाई पेटीला हळदकुंकू वाहताना म्हणाल्या होत्या, "हे काय बाई मळकट फडकं!" माणिकबाई तेव्हाही हौदापाशीच होती, पण ते वाक्य संध्याकाळच्या आत तिच्यापर्यंत पोचलं होतं. अशी वाक्यं पोचतातच. वर्षभर ते तिला सलत होतं. धुण्याबद्दल तिला आजवर कोणी नाव ठेवलं नव्हतं. नवरा होता तेव्हा कौंडण्यपूरच्या जत्रेला जाताना त्याच्या पटक्याला ती अशी खळ द्यायची की पटका जमिनीवर उभा ठेवला तर उभाच राहायचा, आणि तोही मग पटक्यासारखाच ताठ चालायचा. यंदा पेटीचं कापड तिने तसंच केलं होतं. सकाळी ठोकून झाल्यावर वामनरावांनी त्यावर बोटाने टिचकी मारली होती.

"वा! ढोलकीच झाली की!" म्हणाले होते आणि कोट शोधायला गेले होते. दोघांपैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही की ढोलकीतून वारा जात नाही.

ती पळतच बाजूच्या खिडकीशी गेली. खिडकीला लागूनच आशाबाईचं यंत्र होतं. आशाबाई नव्या बांगड्या घालून, नाकासमोर बघत कापूस सोडत होती.

"आशे! ए आशे!"

"काय वं? इकडे काहून आली? जाय मांगं."

"वामनरावाले सांग, पेटीचं कापड काढा म्हणा. मोटार तापून राहिली. मले वास आला."

"आता? माय वं, बाईसाहेब पेटीसमोरच उभ्या हायेत थाली घेऊन. हार घातला त्याहीनं पेटीले, कुंकवानं साती काढला कापडावर."

"साती काढला?"

"मंग? इतकं पांढरं फेक कापड पाहून खुश झाल्या न त्या. 'कोणी धुतलं?' म्हणे."

कुंकवाचं स्वस्तिक, तिच्या कापडावर. माणिकबाईला क्षणभर बरं वाटलं. असल्या वेळीही वाटलं. मग वासाची दुसरी झुळूक आली.

"आशे, हात जोडते. वामनरावाले सांग."

"मी हात काढला त कापूस अडकन. थांब, देवरावभाऊले खुणावते."

देवराव आला तो मागच्या दाराने, दार पाठीमागे ओढून घेत. त्याच्या कपाळावर कुंकवाचा ओला टिळा होता, आणि खाली चेहरा रागाचा.

"काय झालं माणिकबाई? मुहूर्त चालू हाये न!"

"मोटार जळन भाऊ. कापडातून हवा जाऊन नाही राहिली. खळ दिली मी त्याले."

"खळ दिली?"

"दिली."

"काहून?"

याचं उत्तर फार लांब होतं. "चुकलं," ती म्हणाली. "पण कापड काढा. मोटार बंद नका करू, नुसतं कापड फाडा."

"तुमाले समजून राहिलं का काही? पूजेचं कापड हाये ते आता. त्याच्यावर हार, कुंकू. मी ओरबाडू? भटजीच्या समोर? मालकाच्या समोर?" देवरावने आवाज खाली आणला. "अर्धी बंडी निंगाली. होते आता. आयुष्यभर चालली मोटार, इतक्यात काय जळते?"

"वास पाहा न भाऊ."

देवरावने भोकाशी नाक नेलं. चपलेकडे बघितलं आणि आत निघून गेला. दार लागलं. कडी मात्र त्याने लावली नाही. विसरला की लावली नाही, हे माणिकबाईला पुढेही कधी विचारता आलं नाही.

ती भोकासमोर उभी राहिली. आवाज बदलला होता. आता कानही तिचाच, कारण वामनराव आत भटजींच्या शेजारी उभे होते. मोटारीच्या गुणगुणीच्या तळाशी एक घरघर सुरू झाली होती. मोटार जळाली की ठिणगी, ठिणगी पडली की तूस, तूस पेटली की कापसाच्या गंजीपर्यंत आग जायला पापड भाजण्याइतकाही वेळ लागत नाही. आणि यंत्रांच्या दोन रांगांमध्ये आशाबाई आणि बाकीच्या सगळ्या. जायला मोठं दार एकच, आणि त्या दारात सजवलेली बंडी आडवी.

आत जायचं तर मुहूर्तावर तिचं पाऊल पडणार. यंदा कोणाचं बोट कापलं, कोणाचं मूल दगावलं, कापसाचा भाव पडला, तरी सगळं तिच्याच पावलाशी येऊन थांबणार. आणि नाही जायचं तर...

तिने दार ढकललं.

आत पाऊल टाकताच तिला पहिल्यांदा दिसली ती पेटी. कापड खरोखरच सुंदर दिसत होतं. निळसर पांढरं, ताठ, वर कुंकवाचा साती, झेंडूचा हार. समोर लीलाबाई. पलीकडे रेशमी फेट्यात सूर्यभानजी, भटजी आणि कोट घातलेले वामनराव. लीलाबाईंची नजर आधी तिच्या मोकळ्या कपाळावर गेली आणि हातातली थाली आपोआप छातीशी गेली.

"माणिकबाई!" देवराव ओरडला. "तुमाले काय सांगतलं होतं?"

"वामनराव," ती म्हणाली, "पेटीले हात लावून पाहा."

वामनरावांनी पेटीच्या फळीवर तळवा टेकला आणि चटका बसल्यासारखा उचलला. दुसरा हात तसाच खटक्याकडे गेला.

"खटक्याले हात नका लावू!" सूर्यभानजी गरजले. "बंद नाही कराची! बंडी बाकी हाये अजून."

वामनरावांचा हात अर्ध्यावर लटकला. "मालक, जळेल हो ती."

"मंग घाई करा! देवराव, पोरींले सांग, भरभर टाका म्हणा!"

बायकांनी ओंजळी मोठ्या केल्या. यंत्रांत कापूस कोंबला गेला आणि मोटारीचा आवाज एकदम खाली बसला, ओझं घेऊन घाट चढणाऱ्या बैलासारखा. पेटीच्या वरच्या सांध्यातून दोऱ्याइतकी बारीक धुराची रेघ निघाली.

"हळू! हळू टाका!" वामनराव दोन्ही हात हलवत ओरडले. "मारता का तिला!"

बायकांना कोणाचं ऐकावं कळेना. काहींनी ओंजळी आखडल्या, काहींनी आणखी भरल्या.

"बंद नका करू," माणिकबाई म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला. "कापड काढा नुसतं. खळीनं हवा कोंडली. माह्याच हातानं दिली मी खळ."

"मंग काढा न कोणीतरी!" सूर्यभानजी म्हणाले.

सगळे कापडाकडे बघू लागले. कापडावरून हाराकडे आणि हारावरून एकमेकांकडे. भटजींनी घसा साफ केला. "उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवायचं म्हणजे... अर्थात थोडक्यात करता येते उत्तरपूजा..."

"कितीक थोडक्यात?" देवरावने विचारलं.

भटजी विचार करू लागले.

माणिकबाई लीलाबाईंच्या समोर गेली. दोघी एकाच वयाच्या असाव्यात. इतक्या जवळून त्यांनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं.

"बाईसाहेब, हार तुमी काढून घ्या. मी नाही हात लावत त्याले. तुमच्या हातानं निंगाला म्हणजे काही नाही होत. कापडाचं मी पाहते."

लीलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा धुराच्या रेघेकडे पाहत होता. मग त्यांनी स्वतःही त्या रेघेकडे पाहिलं, थाली शेजारच्या फळीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी हार उचलला. देवाच्या गळ्यातला काढावा तसा, फूल न पाडता.

माणिकबाईने कापडाच्या कोपऱ्यात नखं घातली. खळीने कापड चौकटीला चिकटून पत्र्यासारखं झालं होतं. आपलं काम इतकं पक्कं होतं याचा तिला त्या क्षणी मनस्वी संताप आला. नख उलटलं. तिने दात लावले. कडकन पापड मोडावा तसा आवाज झाला, साती मधोमध फाटला आणि मोटारीने हवा ओढली. पाण्याखाली राहिलेल्या माणसाने वर येऊन ओढावी तशी. माणिकबाईच्या तोंडावरून वारा आत धावला.

"घेतेय! हवा घेतेय!" वामनराव म्हणाले, आणि लगेच, "अहो पण तूस! कापड! दुसरं कापड आणा!"

कारण हवेत तरंगणारी सगळी तूस आता वळली होती. शांतपणे, मुंग्यांच्या रांगेसारखी, ती त्या उघड्या तोंडाकडे निघाली होती, तापलेल्या मोटारीच्या पोटात.

"दुसऱ्यायलेबी खळच हाये," माणिकबाई म्हणाली.

असं म्हणताना तिचा हात डोक्याकडे गेलाच होता. पदर खाली आला. लुगडं जुनं, कितीदा धुतलेलं, पाण्यापेक्षा थोडंसंच जाड. तिने पदर चौकटीवर पसरला, दोन्ही हातांनी दोन टोकं दाबून धरली आणि उभी राहिली. हवेने पदर जाळीला ओढून घेतला. तूस त्यावर येऊन थबकली. घरघर हळूहळू वर चढत गुणगुणीत मिसळली.

सूर्यभानजींनी मान फिरवली. बाईमाणसाचं उघडं डोकं समोर होतं, आणि ते झाकून घ्या म्हणायची सोय नव्हती. भटजी कुठपर्यंत आलो होतो ते आठवू लागले. यंत्रांवरच्या बायकांनी बेताच्या ओंजळी धरल्या. लीलाबाईंच्या हातात हार तसाच होता. पेटीवर ठेवावा तर पेटीवर ती बाई, खाली ठेवावा तर पूजेचा. त्या तो घेऊन उभ्या राहिल्या.

बंडी संपायला फार वेळ लागला. माणिकबाईच्या बोटांना फळीची धग लागत होती. आधी ती सोसेना, मग सोसू लागली, आणि मग वामनरावांनी पेटीवर हात ठेवून हलकेच म्हटलं, "उतरतेय. धरून ठेवा." ते तिच्या शेजारून हलले नाहीत. एकदा सवयीने त्यांनी तपकिरीची डबी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि न उघडता परत खिशात टाकली.

शेवटी देवरावने पहिली रुई सुपात घालून आणली. लीलाबाईंनी हार त्याच्या हातात दिला आणि पदर पसरून रुई घेतली. देवरावने हार दारामागच्या खुंटीला अडकवला, कंदिलाच्या शेजारी. मुहूर्त पार पडला होता. मोटार थांबली नव्हती.

जाताना सूर्यभानजी देवरावशी हळू आवाजात काही बोलले. देवराव पेटीपाशी आला.

"माणिकबाई, मालक म्हणतात, पुढच्या साली या दिवशी तुमी घरीच राहा."

"अन् कापड?"

"आदल्या दिवशी लावून जात जा म्हणतात."

माणिकबाईने मान हलवली. "बिनखळीचं लावीन," ती म्हणाली.

मोटार आता संध्याकाळपर्यंत चालायची होती. बाहेर गाड्यांची रांग लागली होती. बिनखळीचं कापड धुऊन वाळायला ऊन लागणार होतं आणि माणिकबाईला तोवर पेटीला बांधून घेता येण्यासारखं नव्हतं.

"कापा," ती वामनरावांना म्हणाली.

"अहो, लुगडं आहे."

"मालूम हाये मले काय हाये ते. कापा."

वामनरावांनी चाकू काढला. तिने पदर धरून ठेवला आणि त्यांनी तो तिच्या खांद्यापासून सरळ कापला. मग चौकटीवर ताणून बारीक खिळे ठोकले, एकेक जपून, जुन्या कापडाला भोक मोठं पडू नये म्हणून. माणिकबाईने तुटलेली कड कमरेला खोचली.

मागच्या दारापाशी आता प्रसादाच्या टोपल्या रचल्या होत्या. बाहेर जायचं तर यंत्रांच्या दोन रांगांमधून, बंडी हलवून मोकळ्या केलेल्या मोठ्या दारानेच जावं लागणार होतं. ती निघाली. बायका हात न थांबवता बघत होत्या. आशाबाईच्या यंत्राशी ती पोचली तेव्हा आशाबाईने कापूस सोडून हात तिच्या डोक्याकडे नेला.

"थांब वं माय, झटकू दे. पाह्य तरी काय झालं तुह्या डोक्याचं."

इतका वेळ एका जागी उभी राहिली होती ती. तूस येऊन बसत राहिली होती. केसांवर, कपाळावर, कानांच्या पाळ्यांवर. काळा केस दिसायला जागा उरली नव्हती.

माणिकबाईने तिचा हात धरला आणि बाजूला केला.

"राहू दे," ती म्हणाली. "तेवढाच पदर हाये डोक्यावर. बाहेर निंगेपर्यंत राहू दे."